रेघ सी विंगमधून गेली

"मॅडम, तुमचा बिबट्या आमच्या जिममधून गेलाय. हे बघा, इथून आत शिरला, इथून बाहेर पडला."

राणेकाका चष्म्याची काडी फ्लेक्सवर फिरवत होते. रविवारची सकाळ. जूचंद्रच्या डोंगराला लागून उभी राहिलेली एक नवी सोसायटी, आणि तिच्या गेटवर माझ्याहून उंच फ्लेक्स. वर एका स्थानिक नेत्याचा हात जोडलेला फोटो. त्याखाली लाल अक्षरांत 'सावधान! बिबट्याचा मार्ग'. आणि त्याखाली माझ्या कॉम्प्युटरवरचा नकाशा. हो, माझ्या! शुक्रवारी मीच ऑफिसला पाठवलेला. त्यावर एक लाल रेघ डोंगरातून निघून सोसायटीत शिरत होती, सी विंगमधून आरपार, मुलांच्या बागेवरून, जिममधून, आणि मागची भिंत फोडून परत डोंगरात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिबट्या जिममध्ये गेला म्हणून नव्हे. तो गेलाच नव्हता. आमचा नकाशा ऑफिसच्या बाहेर पडलाच कसा, म्हणून.

"काका, बिबट्या नाही. मादी आहे," मी म्हणाले. त्या क्षणी तेवढंच सुचलं.

"मग तर अजूनच वाईट," मागून कुणीतरी म्हणालं.

गेटशी अळूच्या जुड्या घेऊन बसलेली गावातली मावशी तेवढी हसली. "तो काय आज आलाय? आमच्या डोंगरावर पहिल्यापासून हाय. येतो, पानी पितो नि जातो. तुमीच आता आलात." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नवीन फ्लॅटवाल्यांना 'तुम्ही आता आलात' हे ऐकायला आवडत नाही.

मी प्राण्यांची डॉक्टर. माहेर वटारचं, आमची वाडी आहे, त्यामुळे गाईम्हशींच्या शेपटीमागेच वाढले. सुरुवातीला गोठ्यागोठ्यातून हिंडले, मग रानातल्या जनावरांकडे वळले. आता बरीच वर्षं बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग ठेवायच्या एका प्रकल्पावर आहे. राहते बोळिंजला. शेजारणी विचारतात, "बिबट्याला पट्टा बांधतेस म्हणजे पाळतेस का?" म्हणून इथे आधीच सांगते. रेडिओ कॉलर म्हणजे एक जाड पट्टा. तो जनावराला बेशुद्ध करून गळ्यात घालायचा. त्यात एक बॅटरी असते आणि मोबाइलमध्ये असतं तसं जीपीएस. पट्टा दर काही तासांनी एकदा जागा होतो, आपण कुठे आहोत ते उपग्रहाला कळवतो आणि पुन्हा झोपतो. सारखा जागा राहिला तर बॅटरी चार दिवसांत संपेल. तो कळवतो ती जागा माझ्या स्क्रीनवर एक ठिपका होऊन उमटते. दोन ठिपक्यांच्या मधल्या वेळात जनावर कुठे होतं, हे पट्ट्याला माहीत नसतं, उपग्रहाला नसतं आणि मलाही नसतं.

मग रेघ कुठून आली? ती कॉम्प्युटर मारतो. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. कोणता ठिपका आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मला कळावं म्हणून. मध्ये डोंगर येवो, तलाव येवो, नाहीतर सी विंग येवो, त्याला काय?

ही मादी माझी जुनी ओळखीची. मागच्या उन्हाळ्यात तुंगारेश्वरच्या पायथ्याशी एका विहिरीत पडली होती. दोर बांधून बाज, म्हणजे आपली खाट, खाली सोडली, तिला वर काढली, तपासली, पट्टा बांधला आणि सोडून दिली. ऑफिसात तिला नंबर आहे. मी तिला अबोली म्हणते. विहिरीच्या काठावर सगळं गाव बोंबलत होतं आणि ही त्या बाजेवर एक आवाज न करता बसली होती, म्हणून अबोली. सोडल्यावर ती जंगलाच्या आत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती सरळ जूचंद्रकडे आली. म्हणजे विहिरीत पडायच्या आधीही तिचं घर हेच असणार. एवढी वर्षं ती या डोंगरावर राहत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. कुणाच्या अंगावर गेली नाही, कुणाच्या गोठ्यात शिरली नाही. पट्टा बांधला आम्ही, आणि आरोपी झाली ती. मला सांगा, तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

गेटवरूनच मी खानोलकरसाहेबांना फोन लावला. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण 'नाही' हा शब्द त्यांना आईने शिकवलाच नसावा.

"साहेब, नकाशा बाहेर कसा गेला?"

"अहो, फ्लेक्सवरच्या नेत्यांनीच मागितला. लोकांमध्ये वावरणारा माणूस. नाही कसं म्हणणार?"

"कॉलरची माहिती बाहेर द्यायची नाही, हा आपलाच नियम आहे ना? उद्या एखाद्या शिकाऱ्याला आयता पत्ता मिळाला तर?"

"नियम आहेतच हो. पण संबंधही असतात ना."

"बरं. मग आता त्यांना सांगा, फ्लेक्स उतरवा म्हणून."

मग म्हणाले, "मॅडम, विषय पुढे गेलाय. सोसायटीने पिंजऱ्याची मागणी केलीय, मी ती वर पाठवलीय. परवानगी येईल आठवडाभरात. तिला धरू, लांब कुठेतरी सोडू. लोक शांत होतील."

मी फ्लेक्सपासून चार पावलं लांब गेले आणि आवाज खाली केला. "साहेब, मी तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतंय ना? तिला पिल्लू आहे."

"आठवतंय. बघू पिल्लाचं."

बघू! एवढंसं पिल्लू, अजून दुधावर. आई पिंजऱ्यात गेली तर ते कपारीत वाट बघत मरणार, दुसरं काय बघणार? आणि ही गोष्ट मी समोरच्या माणसांना सांगूही शकत नव्हते. 'पिल्लू आहे' म्हटलं असतं की दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी मोबाइल काढून डोंगरावर चढली असती. जी गोष्ट सांगितली असती तर लोकांचं मन वळलं असतं, तीच सांगायची सोय नव्हती. फोन मी पर्समध्ये आपटला. रागाने.

क्लबहाउसमध्ये मीटिंग लावली होती, त्यासाठीच मला बोलावलं होतं. खुर्च्या भरल्या, उरलेले टेबल टेनिसच्या टेबलाला टेकून उभे राहिले. बहुतेक सगळे नोकरदार. कुणी कोकणातले, कुणी साताऱ्याकडचे, कुणी परळ-लालबाग सोडून इथे आलेले. 'डोंगर दिसतो' म्हणून हौसेने फ्लॅट घेतलेले, आणि आता डोंगरातलं दिसतंय म्हणून हवालदिल झालेले.

तेजल नावाची एक मुलगी सगळ्यात पुढे बसली होती. सी विंग, तळमजला. अंधेरीला नोकरी, मांडीवर बाळ. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो मला जास्त लागला.

"मॅडम, रेघ माझ्या गॅलरीतून गेलीय. मी ऑफिसला असते तेव्हा सासूबाई याला तिथेच खेळायला सोडतात. आता गॅलरीचं दार आम्ही बंद करून टाकलंय. तो दारावर थापा मारून रडतो. मी काय करू ते सांगा."

या भीतीला मी हसणारी नाही. बिबट्या हे काही मांजर नाही. पण खऱ्या गोष्टीची भीती वेगळी आणि फ्लेक्सची वेगळी.

मी सांगायला लागले. "तुमच्या जूचंद्रची रांगोळी सगळीकडे नावाजलेली आहे. साधी रांगोळी कशी काढतात? आधी ठिपके, मग रेघा. इथे ठिपके तेवढे तिचे आहेत. रेघा कॉम्प्युटरने जोडल्यात. ती या रेघेवरून चालली असं नाही."

"म्हणजे कॉम्प्युटर काय मनाने रेघा मारतो?" एकाने विचारलं.

"हो. मनानेच मारतो."

सगळे हसले. माझ्यावर.

"मग मारतोच कशाला? खोटी आहे तर दाखवायचीच कशाला?"

माणूस बरोबर बोलत होता.

"मॅडम जनावराची बाजू घेणारच, त्यांचा पगार त्याच्यावर चालतो," मागून आणखी एक जण. इथे मात्र माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही, पण वटारच्या वाडीत आमच्या आईने वाटेकऱ्यांना ऐकवलेलं बरंच काही माझ्या तोंडून बाहेर पडलं.

राणेकाका तेव्हा पहिल्यांदा नीट बोलले. ते सोसायटीचे चेअरमन. विमा कंपनीत जन्मभर क्लेम तपासले, आता रिटायर. मालवणकडचा माणूस, शब्द मोजून वापरणारा. "ओरडू नका, मॅडम. मी पुराव्याशिवाय कधी क्लेम पास केला नाही आणि पुराव्याशिवाय कधी नाकारलाही नाही. तुमच्याकडे पुरावा काय?"

पुरावा काय असणार? रेघ खोटी आहे हे सिद्ध करायचं तर अबोलीच्या मागे कॅमेरा घेऊन फिरायला हवं. तेवढ्यात मला गाडीतला दुसरा पट्टा आठवला. अबोलीच्या पट्ट्यात काही बिघाड झालाच तर बदलायला म्हणून एक जादा आम्ही बाळगतो.

"काका, एक दिवस तुम्ही बिबट्या व्हाल?"

"काय?"

"माझ्याकडे अस्साच दुसरा पट्टा आहे. गळ्यात नको, पिशवीत ठेवा. एक अख्खा दिवस नेहमीसारखे हिंडा. जिथे जायचं तिथे जा. मला काही सांगू नका. तिचा पट्टा जितक्या वेळाने जागा होतो तितक्याच वेळाने हा पण होईल. रविवारी इथल्या टीव्हीवर तुमची रेघ लावू. ती खरी निघाली तर पिंजरा मी स्वतः आणून लावीन."

शेवटचं वाक्य बोलून गेले, आता मागे फिरायची सोय नव्हती. काकांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वजन बघितलं. "हे बिचारं गळ्यात बांधून हिंडतं होय," एवढं म्हणाले आणि पट्टा बाजाराच्या पिशवीत टाकला.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. रोज सकाळी आधी अबोलीचे ठिपके उघडायचे, ती डोंगरावर आहे हे बघायचं, मगच चहा. साहेबांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "परवानगी आली की कळवतो," जणू काही परवानगी मलाच हवी होती! घरी नवरा म्हणाला, "तू एवढी चिडचिड करू नकोस, तब्येतीला बरं नाही." त्यालाही ऐकून घ्यावं लागलं.

रविवारी क्लबहाउस पुन्हा भरलं. या वेळी राणेकाकूही आल्या होत्या, नवऱ्याने दिवसभर काय दिवे लावले ते बघायला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि काकांचा दिवस पडद्यावर लावला.

पहिल्यांदा क्षणभर कुणाला कळेना. मग एकेक जण उठून पुढे यायला लागला.

काकांची रेघ सोसायटीतून निघून सरळ मिठागरांवरून गेली होती. तिथून रेल्वेचे रूळ मधोमध कापून पश्चिमेला. मग नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगांच्या पोटातून आरपार बोळिंजपर्यंत. वाटेत एक हॉस्पिटल, एक शाळा, एक लेडीज ब्यूटी पार्लर आणि एक वाइन शॉप. परत येताना रेघ आली ती बी विंगच्या तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाईंच्या स्वयंपाकघरातून.

"अहो, हे वाइन शॉपमध्ये कधी गेला होतात?" काकूंनी विचारलं.

"गेलो नव्हतो गो! मी रिक्षात होतो."

"आणि ब्यूटी पार्लर?"

"माझ्या किचनमध्ये काय करत होते ते आधी विचारा," कुलकर्णीबाई म्हणाल्या. पार्किंगवरून त्यांचं आणि काकांचं वर्षभर बोलणं नव्हतं. क्लबहाउस हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

काका मात्र हसत नव्हते. ते पडद्याला नाक लावून बोळिंजचा ठिपका बघत होते. "हा ठिपका कसला? दुपारी मी मुलीकडे जेवलो. चौथ्या मजल्यावर. आणि हा ठिपका नाल्यात आहे."

"बिल्डिंगांच्या गर्दीत ठिपकासुद्धा थोडा इकडेतिकडे सरकतो, काका. जीपीएस अगदी पाटावर बसवल्यासारखं अचूक नसतं."

"म्हणजे माझी मुलगी नाल्यात राहते, मी मिठागरावरून उडत गेलो आणि बाईंच्या किचनमध्ये शिरलो." ते सावकाश खुर्चीत बसले. "असा कागद घेऊन कुणी माझ्याकडे आला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. आणि असाच कागद आपण गेटवर लावलाय."

मग त्यांनी मला मघापासून हवा असलेला प्रश्न विचारला. "रेघा सोडा. ठिपके काय सांगतात?"

"तुमच्या बागेत, जिममध्ये, गॅलरीत तिचा एकही ठिपका नाही. पण मागच्या भिंतीच्या पलीकडे येते. वरचेवर येते. तिथे काय आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. मागच्या भिंतीवरून सोसायटीचा ओला कचरा पलीकडे फेकला जातो. कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांसाठी ती. रेघेला घाबरून गॅलऱ्या बंद केल्या, पण ठिपक्याजवळचा कचरा कुणी उचलला नाही. मी हे जरा चढ्या आवाजातच सांगितलं. या वेळी कुणी पगाराचं नाव काढलं नाही.

"आणखी एक," मी म्हणाले. "बिबट्याची जागा रिकामी राहत नाही. एक उचलला की बाजूच्या डोंगरातला दुसरा येऊन बसतो. तो कसा असेल, कुठे हिंडेल, मला सांगता येणार नाही. त्याच्या गळ्यात पट्टा नसेल."

सोसायटीने त्याच बैठकीत ठरवलं, पिंजरा नको. राहिला फ्लेक्स. तो उतरवायचा तर वरच्या फोटोचा प्रश्न. फोटोवाल्याचा चेहरा खाली उतरवायची हिंमत कोण करणार? काकांनी मध्यम मार्ग काढला. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन स्वतः स्टुलावर चढले आणि नुसती लाल रेघ पुसून टाकली. वरचा चेहरा तसाच. खालचे ठिपके, शेजारच्या बारीक तारीख-वेळेसकट, तसेच.

तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तेजलचा फोन आला. "मॅडम, कामावर जायच्या आधी गेटवर उभी आहे. येऊ शकाल का? फोनवर नाही बोलणार."

मी गेले. ती फ्लेक्ससमोर उभी होती, खांद्यावर पर्स, हातात डबा.

"रेघ गेल्यावर नीट दिसायला लागलं," ती हळूच म्हणाली. "बघा ना. ती इथे जाते, मग परत इथेच. तिकडे जाते, परत इथेच. कितीही लांब गेली तरी परत याच जागी." तिचं बोट डोंगराच्या पाठीमागच्या एका जागेवर थांबलं. तिथे ठिपक्यांवर ठिपके साचले होते. "सुट्टी संपल्यावर मी कामावर जायला लागले ना मॅडम, तेव्हा माझं असंच व्हायचं. दूध भरून यायचं. कधी एकदा घरी पोचते असं व्हायचं. बाळ आहे ना तिला?"

साहेबांना मी हीच गोष्ट कागदावर, तक्त्यासकट, दोनदा समजावली होती. त्यांना कळली होती, पण लागली नव्हती.

मी नुसती मान हलवली.

"मी कुणाला नाही बोलणार," ती म्हणाली. "पण मला दिसलं तर अजून कुणाला तरी दिसेल."

तिने राणेकाकांना खाली बोलावून घेतलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. पिल्लाचं सांगितलं नसावं, कारण काकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी वॉचमनकडून कात्री मागितली, चारी दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची वळकटी काखेत मारली. "कुणी विचारलं तर सांगा, वाऱ्याने पडला," ते म्हणाले. पान हलत नव्हतं.

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय!

दोन दिवसांनी साहेबांचा फोन. "मॅडम, परवानगी आली. टेम्पो निघालाय पिंजरा घेऊन. तुम्ही पण पोचा."

"साहेब, सोसायटीने मागणी मागे घेतलीय! तुम्हाला कळवलंय ना त्यांनी?"

"कळवलंय. पण परवानगी आलीय ना. आता पिंजरा लावला नाही तर मी वर काय सांगू? मागितली कशाला म्हणतील."

म्हणजे लोकांना पिंजरा नको, मला नको, बिबटीला तर नकोच नको. पण परवानगी आली म्हणून पिंजरा! मी गाडी काढली तेव्हा इतकी तणतणत होते की पहिला गिअर पडेना.

पोचले तेव्हा टेम्पो सोसायटीच्या मागच्या भिंतीशी लागला होता. लोखंडी पिंजरा, त्याला वरून पडणारं दार. दुसऱ्या कप्प्यात आमिष म्हणून बांधायला आणलेली शेळी टेम्पोतच उभी राहून पाला खात होती. नेते आले होते, बरोबर दोन कॅमेरेवाले. खानोलकरसाहेब इस्त्रीच्या शर्टात. पिंजरा उतरवला की संध्याकाळपर्यंत शेळी बांधायची आणि मग नुसती वाट बघायची. अबोलीला त्या भिंतीशी यायची सवय होतीच. ती सवय कुणी लावली ते वर सांगितलंच आहे.

मी सरळ टेम्पोच्या फाळक्यासमोर उभी राहिले. "साहेब, मी या प्रकल्पाची डॉक्टर आहे. या मादीला धरलं तर तिचं..." एवढं बोलले आणि जीभ चावली. कॅमेरे चालू होते. साहेबांनी तेवढ्यात संधी साधली. "मॅडम, तुम्ही भावनिक होताय. लोकांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"कुठल्या लोकांच्या?"

हा आवाज माझा नव्हता. भिंतीच्या कोपऱ्यावरून तेजल येत होती, बाळाला कडेवर घेऊन. मागे राणेकाका, काकू, कुलकर्णीबाई आणि निम्मी सी विंग. तेजलने कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, तळमजल्यावर मी राहते. लहान बाळ माझं आहे. ती कुठे आहे हे मॅडमना रोज कळतं. तिला तुम्ही घेऊन गेलात आणि दुसरा आला, तर तो कुठे आहे हे मला कोण सांगणार? तुम्ही सांगणार?"

साहेब नेत्यांकडे बघायला लागले. नेते राणेकाकांकडे.

"मागणी आमची होती, ती आम्ही मागे घेतली," काका म्हणाले. "आता हा पिंजरा कुणाच्या मागणीवरून लागतोय, तेवढं कॅमेऱ्यासमोर सांगा. म्हणजे उद्या काही झालं तर कुणाकडे जायचं ते आम्हाला माहीत असेल." जन्मभर क्लेम तपासलेला माणूस! कोणाला कुठे पकडायचं ते त्याला बरोबर कळतं.

नेत्यांना वाऱ्याची दिशा कळायला एवढं पुरेसं होतं. त्यांनी गळा साफ केला. "जनतेची इच्छा हीच आमची इच्छा. खानोलकर, हे पिंजऱ्याचं कुणी ठरवलं? मुक्या प्राण्यावर हा अन्याय मी होऊ देणार नाही."

मी कपाळावर हात मारला. ज्यांच्यासाठी साहेबांनी नकाशा फोडला, त्यांनी भर रस्त्यात हात झटकले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. टेम्पो पिंजऱ्यासकट परत गेला. जाण्याआधी शेळी मात्र खाली उतरवण्यात आली, कारण कॅमेरेवाल्यांना काहीतरी फोटो हवाच होता.

आठवड्याच्या आत गेटवर नवा फ्लेक्स लागला. तेच जोडलेले हात, शेजारी शेळी, आणि 'वन्यजीवांचे खरे मित्र यांचे जाहीर आभार'. राणेकाकांनी त्याला हात लावला नाही. "यात नकाशा नाही ना, मग असू दे," ते म्हणाले. मागच्या भिंतीचा कचरा बंद झाला, कुत्री पांगली, अबोलीचे ठिपके भिंतीपासून हळूहळू लांब गेले. तेजलच्या गॅलरीचं दार आता उघडं असतं. तिथे जाळी बसवलीय, ती मीच सुचवली.

नकाशा बाहेर कुणी दिला याची चौकशी? झाली नाही. माहिती फुटली तर जनावराचा जीव जातो असं आम्ही प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवतो, आणि ज्यांच्या टेबलावरून ती फुटली ते आजही त्याच टेबलावर बसतात. उलट एका कार्यक्रमात साहेबांना शाल मिळाली. त्यानंतर त्यांचा मला फोन, "मॅडम, त्या पिल्लाचा एखादा फोटो मिळेल का? पुढच्या फ्लेक्सवर टाकायचाय म्हणतात." मी म्हटलं, "साहेब, पिल्लू आता तिथे नाही." ते खरंही होतं. एव्हाना ते आईच्या मागे हिंडायला लागलं होतं.

तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. ऑफिसला नकाशा जातो तो रेघा पुसून, नुसते ठिपके, आणि तेही महिनाभर शिळे. साहेबांना ते आवडत नाही.

"मॅडम, यात ती कुठल्या रस्त्याने गेली ते दिसतच नाही."

"हो साहेब," मी म्हणते. "ते मलाही दिसत नाही."